पुसणाऱ्याच्या बाजूने: आमच्या घरातल्या तीन फरश्या

निकाल आधीच सांगून टाकते. मॅट फिनिशची, मध्यम रंगाची, जराशी ठिपकेदार व्हिट्रिफाइड (पाणी जवळजवळ न पिणारी) टाइल पुन्हा घर केलं तरी घेईन. झोपायच्या खोलीतली एसपीसी, म्हणजे चुनखडी आणि पीव्हीसीच्या फळ्यांची फरशी, चांगली आहे, पण तिच्या अटी आहेत. लॅमिनेट, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळ्या, मात्र ज्यांच्या घरात पाणी सांडत नाही त्यांच्यासाठी, आणि असं घर मी अजून पाहिलेलं नाही. आमच्याकडे या तिन्ही फरश्या आहेत आणि झाडणं-पुसणं माझ्याकडे आहे. त्यामुळे हा अभिप्राय शोरूमच्या दिव्यांखाली उभं राहून नव्हे, ओणवं होऊन दिलेला आहे.

घरात कोण राहतं हेही सांगायला हवं, कारण फरशी त्यावर ठरते. वडील वॉकर घेऊन चालतात. मुलगा हाताला लागेल ते जमिनीवर आपटून बघायच्या वयात आहे. नवऱ्याला चेहरा दिसेल अशी पांढरीशुभ्र चकचकीत फरशी हवी होती. पैसे मर्यादित, आणि हे सगळं त्यातच बसवायचं.

आधी टाइल. दुकानात टाइल म्हणून जे जे रचून ठेवलेलं असतं ते सगळंच पायाखाली घालायचं नसतं. भिंतीची सिरॅमिक टाइल दिसायला तितकीच देखणी आणि बरीच स्वस्त, म्हणून हात तिच्याकडे जातो. पण ती सच्छिद्र असते, स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. व्हिट्रिफाइड किंवा पोर्सेलिन म्हणवून घ्यायचं तर आयएसओ १३००६ या मानकाप्रमाणे हे प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत लागतं. विक्रेता सांगतो ते ऐकून घ्यावं, मग टाइल पालथी करून मागच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. थेंब तसेच बसून राहिले तर ती जमिनीची. ओल आत पसरत गेली तर भिंतीची. मी हे भर दुकानात केलं. विक्रेता काही बोलला नाही, फडकं तेवढं आणून दिलं.

मग व्हिट्रिफाइडमध्ये जीव्हीटी (झिलई दिलेली) की डबल चार्ज (वरचा रंगीत थर जाड असलेली)? जीव्हीटीवर डिजिटल छपाई असते आणि तिच्यावर काचेसारखी झिलई. त्यामुळे संगमरवर, लाकूड, सिमेंट, जुनं कापड, काय हवं ते दिसतं. पण हा थर पातळ असतो. जड वस्तू पडून कपची उडाली की आतली वेगळ्या रंगाची माती डोकावते. डबल चार्जमध्ये वरचा रंगीत थरच ३ ते ४ मिलिमीटरचा, त्यामुळे झिजण्याची चिंता कमी आणि कपचीही तितकी डोळ्यांत येत नाही. नक्षी मात्र मोजकी, आणि मला विचाराल तर बहुतेक जुन्या ऑफिसच्या लॉबीत शोभणारी. आम्ही जीव्हीटीच घेतली, पण निवडताना टाइल कडेने पाहिली. जिच्या मातीचा रंग वरच्या रंगाच्या जवळचा होता तीच उचलली. मुलाने लोखंडी खेळणं आपटून एका कोपऱ्याचा टवका उडवला आहे. कुठे ते दाखवल्याशिवाय पाहुण्यांना सापडत नाही.

झिलईवाल्या टाइलला झिजेचा दर्जा असतो, पीईआय नावाचा, ० ते ५. घरातल्या बहुतेक खोल्यांना ३ पुरतो, बाहेरच्या दारापाशी ४ बरा. कारण साधं आहे: बाहेरून बुटांबरोबर येणारी वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, कठीणपणा मोजणाऱ्या मोह्सच्या मोजपट्टीवर ७. तिच्यापुढे झिलई हळूहळू हार मानतेच. दाराबाहेर एक आणि दाराच्या आत एक असं पायपुसणं टाकलं तर कुठल्याही फरशीचं आयुष्य वाढतं, आणि तेही महागड्या फिनिशला हात न लावता.

चमकीबद्दल घरात बराच वाद झाला. चकचकीत फरशी दिवसा सुंदर दिसते, यात वाद नाही. खोली उजळ वाटते, दुकानात तर डोळेच दिपतात. पण तिच्यावर वाळलेल्या पाण्याचे ठसे राहतात, अनवाणी पायांचे ठसे राहतात, आणि खिडकीसमोर उभं राहिलं की फडक्याचा प्रत्येक फराटा दिसतो. गडद चकचकीत तर विचारूच नका, धूळ लपायला तिच्यावर जागाच नसते. वाद मिटवायला मी नमुन्याच्या टाइल घरी आणल्या, व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतली धूळ आणि कंगव्यातले केस त्यांच्यावर भुरभुरवले आणि नवऱ्याला दारातून बघायला सांगितलं. शुभ्र पांढरीवर केस उठून दिसले, काळीवर धूळ. करड्या-बदामी, ढगाळ नक्षीच्या मॅट टाइलवर काहीच दिसेना. आमचं लग्न त्या टाइलने वाचवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

मॅटची एक खोड सांगायलाच हवी. अगदी खरखरीत मॅट घेतलीत तर तिच्या खळग्यांत मळ बसतो आणि ओल्या फडक्याचे धागे अडकतात. म्हणून बोटांनी नव्हे, फडक्यानेच तपासा. पिशवीत एक सुती फडकं ठेवा, टाइलवरून फिरवा. अडखळलं तर पुढची बघा.

घसरण्याबाबत बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात आर ९, आर १० असा आकडा असतो. तो कसा येतो हे कळल्यावर मला तो नीट वाचता आला. तेल ओतलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालवतात आणि उतार वाढवत नेतात. ६ ते १० अंशांपर्यंत पाय टिकला तर आर ९, १० ते १९ पर्यंत आर १०, १९ ते २७ पर्यंत आर ११. म्हणजे आर ९ ही काही मोठी शाबासकी नव्हे, ती पहिली पायरी. हॉल आणि पॅसेजला आम्ही आर १० घेतली. अनवाणी, ओल्या, साबणाच्या पायांची चाचणी वेगळी असते आणि तिचे दर्जे ए, बी, सी असे असतात. न्हाणीघरासाठी तो विचारावा, आणि सी सगळ्यांत जास्त पकड देणारा. वडिलांच्या वॉकरची रबरी टोकं आर १०वर कोरडी असताना अजिबात सरकत नाहीत. ओली असताना मी त्यांना चालू देत नाही, मग टाइल कुठलीही असो.

मापाचं आकर्षण जरा आवरावं. ६०० बाय १२०० मिलिमीटरची टाइल मोठ्या खोलीत छान दिसते, सांधे कमी, पुसायला सोपं. पण भट्टीतून निघताना लांब टाइलला मध्ये किंचित फुगवटा येतो. ती विटांसारखी निम्म्यावर निम्मी सरकवून बसवली की एकीचा उंच मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या कडेशेजारी येतो आणि पायाला ठेच लागते. सरकवायचीच तर एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. आम्ही सरळ रेषेत बसवली. लहान खोलीत मात्र मोठी टाइल कापण्यात वाया जाते, तिथे ६०० बाय ६०० स्वस्त पडते.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बॉक्सवरचे दोन शिक्के, शेड आणि कॅलिबर. शेड म्हणजे त्या भट्टीचा रंग, कॅलिबर म्हणजे नेमकं माप. नाव तेच, नंबर तोच, पण शेड वेगळी असली तर खोलीच्या मधोमध पट्टा उमटतो. कॅलिबर वेगळं असलं तर सांधे जुळता जुळत नाहीत. माल उतरताना प्रत्येक बॉक्स वाचायला मी जिन्यात बसले होते. हमाल वैतागले, ते साहजिकच. दोन बॉक्स परत पाठवले.

आता बसवण्याबद्दल, कारण माझ्या मते टाइलच्या पैशांपेक्षा इथले पैसे जास्त जपून खर्च करावेत. देखणी टाइल वाईट बसवली तर कायमची वाईट, आणि साधी टाइल नीट बसवली तर घर टापटीप दिसतं. टाइलच्या पाठीला पाच ठिकाणी माल थापून ती दाबून बसवायची पद्धत अजून बरेच कारागीर वापरतात. थापांच्या मध्ये पोकळी राहते, आणि नेमक्या त्या पोकळीवर काही जड पडलं की टाइल तडकते. दात असलेल्या थापीने अ‍ॅडहेसिव्ह एका दिशेने ओढून, मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारून बसवायला सांगा. मधूनच एखादी ताजी टाइल उचलून पाठ दाखवायला सांगा. कारागीर चांगला असेल तर त्याला राग येत नाही. आमच्याकडच्याने स्वतःहून उचलून दाखवली, तेव्हापासून मी त्याच्या मागे उभं राहणं सोडलं. सुकल्यावर नाण्याने ठोकत सगळी खोली फिरा. बद्द आवाज आला तर खाली पोकळ आहे.

सांधे नकोतच असा हट्ट अनेकांचा असतो. कडा घासून सरळ केलेल्या, म्हणजे रेक्टिफाइड टाइलला २ मिलिमीटरचा सांधा पुरतो, पण तेवढा ठेवावाच लागतो. टाइलला टाइल चिकटवून, भिंतीलाही भिडवून बसवली की तापमान बदलल्यावर फुगायला जागा उरत नाही, आणि एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन टाइलची रांग तंबूसारखी वर येते. भिंतीशी फट सोडून ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीखाली) झाकली की काही दिसत नाही. ग्राउटचा, म्हणजे सांध्यांत भरायच्या मसाल्याचा, रंग टाइलपेक्षा अर्धी छटा गडद घ्या. पांढरं ग्राउट पांढरं राहत नाही, ही गोष्ट मी कुणाशीही वाद न घालता सांगू शकते. स्वयंपाकघरात राळेचं, म्हणजे एपॉक्सी ग्राउट घातलं. महाग आहे, पण तेल आणि डाग आत शिरत नाहीत. एपॉक्सीचा थर टाइलवर वाळायच्या आत पुसला पाहिजे, नाहीतर मॅट टाइलवर धुरकट पापुद्रा बसतो आणि तो काढणं वेगळी शिक्षा. बाकी घराला सिमेंटचं पुरलं.

झोपायच्या खोलीत एसपीसी का? कारण तिथे जुनी टाइल शाबूत होती आणि ती फोडायची नव्हती. फोडणं, राडारोडा खाली नेणं, पुन्हा समतल करणं, या तिन्हींचे पैसे वाचले की फळीचा वाढीव दर सहज भरून निघतो. एसपीसी म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांची दाबलेली फळी, वर छापील थर आणि त्यावर पारदर्शक झीज-थर. तो थर किती जाड हे विचारा. घरासाठी ०.३ मिलिमीटर चालतो, ०.५ असेल तर खुर्च्या, चाकं, कुत्र्याची नखं यांची भीती कमी. विक्रेते फळीची एकूण जाडी मोठ्या आवाजात सांगतात आणि हा आकडा खालच्या आवाजात. तुम्ही उलटं ऐका.

तिच्या अटी. खालची जमीन सपाट हवी, साधारण २ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. नाहीतर पाय पडला की फळी हलते आणि काही काळाने तिला शेजारच्या फळीत अडकवणारी क्लिकची जीभ मोडते. जुन्या टाइलचे रुंद सांधे आधी भरून घ्यावे लागतात. भिंतीकडेने ८ ते १० मिलिमीटर मोकळे ठेवायचे, आणि भिंतीत बसवलेलं जड कपाट तिच्यावर ठेवायचं नाही, कारण ही फरशी चिकटवलेली नसते, एक अखंड चादर म्हणून थोडी सरकत असते. एका कोपऱ्यात तिला खिळवलंत तर दुसरीकडे सांधा उघडतो. दाराच्या फळ्या खालून तासाव्या लागतात, हा खर्च अंदाजपत्रकात लिहायचा राहतो.

'वॉटरप्रूफ' ही जाहिरात फळीपुरती खरी. फळी फुगत नाही. पण बादली उलटली तर सांध्यांतून पाणी खाली जातं आणि तिथेच बसतं, मग वास येतो. म्हणून पाणी लगेच पुसायचंच. दुसरं, रबरी पाठीचं पायपुसणं तिच्यावर टाकू नका. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये झिरपतात आणि कायमचा पिवळा डाग पडतो. कापडी पाठीचं टाका. तिसरं, मोठ्या काचेतून थेट ऊन पडत असेल तर पडदा लागतोच, उन्हाने फळ्या तापून पसरतात.

दिसायला? लाकडाचा भास चांगला आहे, पण छपाईच ती. खोलीत तीच गाठ तीन ठिकाणी दिसायला लागली की मग दुसरं काही दिसत नाही. किती वेगवेगळ्या फळ्यांची छपाई आहे हे घेतानाच विचारा, आणि बसवण्याआधी तीन-चार बॉक्स उघडून फळ्या मिसळून घ्या. आमच्या इथे हे केलं, तरी पलंगाजवळ एक जोडी सारखी आली आहे. आता तिथे गालिचा आहे. पायाला मात्र ही फरशी टाइलपेक्षा उबदार लागते, आणि हा आनंद रोज सकाळी मिळतो. आवाज टाइलपेक्षा वेगळा, थोडा पोकळ. फळीला खाली चिकटवलेला फोम असूनही किल्ली पडली की टक्क होतं.

लॅमिनेट अभ्यासाच्या खोलीत आहे, आधीच्या मालकांनी घातलेलं. १९७७ मध्ये स्वीडनच्या पेर्स्टॉर्प कंपनीने हा प्रकार आणला आणि नंतर पेर्गो या नावाने तो जगभर गेला. दाबलेल्या लाकडी भुश्याचा गाभा, त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, वर राळेचा कडक थर. त्याचा एसी आकडा मुख्यतः झिजेचा असतो, एसी ३ घराला भरपूर. आणि खरंच, खुर्ची ओढून ओढूनही त्यावर ओरखडा नाही. या बाबतीत ते एसपीसीपेक्षाही कणखर निघालं. पण गॅलरीच्या दाराशी पाणी आत आलं आणि फळ्यांच्या कडा फुगून वर आल्या. फुगलेली कड वाळली तरी खाली बसत नाही. हल्ली पाण्याला बऱ्यापैकी तोंड देणारं लॅमिनेटही मिळतं, ते मी वापरलेलं नाही. जे आहे ते पुसताना फडकं इतकं पिळावं लागतं की मनगट दुखतं. घरात इतर कुणी पुसणार असेल तर तो पिळणार नाही, हे गृहीत धरा.

नैसर्गिक लाकूड आमच्या आवाक्याबाहेर होतं. इंजिनिअर्ड लाकूड पाहिलं. त्यात वरचा खऱ्या लाकडाचा पापुद्रा किती जाड त्यावर ते पुन्हा तासता येतं की नाही हे ठरतं. संगमरवर सुंदर, पण तो कॅल्शियम कार्बोनेट, कुठलंही आम्ल सांडलं की चमक खाऊन टाकतं. न्हाणीघर धुण्याचं आम्लयुक्त क्लीनर तर त्याच्याजवळ नकोच. गुंडाळीत येणारं व्हिनाइल लोक हसण्यावारी नेतात, मी नेणार नाही. भाड्याच्या घरात, थोड्या वर्षांसाठी, त्याच्याइतकं स्वस्त आणि पुसायला सोपं काही नाही. लिनोलियमला त्याच्यासारखं समजू नका, ते जवसाचं तेल, बुचाची पूड आणि लाकडाचा भुसा यांचं बनतं, टिकाऊ आहे, पण बसवायला जाणकार माणूस लागतो.

स्वस्त-महाग ठरवताना चौरस फुटाचा दर एकटा बघू नका. एका कागदावर खोलीचं क्षेत्रफळ लिहा, त्यात कापण्यासाठी १० टक्के मिळवा, तिरपी बसवणार असाल तर १५. मग स्कर्टिंग, अ‍ॅडहेसिव्ह, ग्राउट, जुनी फोडणं, समतल करणं, वाहतूक, दोन फरश्यांच्या मधली पट्टी, दारं तासणं आणि मजुरी. आमच्या हिशेबात दुकानातली 'स्वस्त' टाइल आणि आम्ही घेतलेली टाइल यांच्यातला फरक एकूण खर्चात फारच लहान निघाला, कारण बाकीचे आकडे दोन्हींना तेच होते. हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघर एकाच टाइलचं केल्याने तुकडे इकडचे तिकडे वापरता आले आणि घर थोडं मोठंही दिसू लागलं. शिल्लक राहिलेला एक बॉक्स माळ्यावर आहे, शेडचा नंबर वर मोठ्या अक्षरांत लिहून. तीच शेड पुन्हा मिळेल याची खात्री कुणीच देत नाही.

नमुना घरी आणलात तर तो भिंतीला टेकवून बघू नका, जमिनीवर आडवा टाका. दिवसा बघा, रात्री घरच्या दिव्यात बघा, ओला करून बघा. दुकानात जी करडी होती ती आमच्या पिवळ्या दिव्यात हिरवट दिसली, आणि ती यादीतून गेली. अभ्यासाच्या खोलीचं लॅमिनेट या वर्षी काढणार आहोत. तिथे पुन्हा एसपीसी घालायची की हॉलचीच टाइल आत न्यायची यावर सध्या दोन मतं आहेत, आणि वडील टाइलच्या बाजूने आहेत, कारण वॉकर उंबरठ्याच्या पट्टीवर अडखळतो.